ज्याच्या डोक्यावरचे नळे

तुमच्या गावात दारू प्यायची सगळ्यात जुनी जागा कुठली, आणि तिच्या भिंती कशाच्या आहेत, हे तुम्हाला सांगता येईल का? देवळाबद्दल विचारत नाहीये. देवळाचा इतिहास तुम्ही पाटीवर रंगवून घेतलाय, दर जत्रेला त्यात दोन ओळींची भर पडते. मी विचारतेय त्या इमारतीबद्दल, जिच्यासमोरून जाताना तुमच्या आईने तुमचं तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

आमच्या गावात अशी एक इमारत होती. मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या काठाला, माडांच्या बागेत. माडी विकायचं परवान्याचं दुकान. गावात त्याला पिठो म्हणत. 'होती' लिहिलं, कारण आता ती नाही, आणि ती पडली त्यात सगळ्यात मोठा हात माझा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांवर ओरडेन तेव्हा स्वतःला वगळतेय असं कुणाला वाटायला नको.

मी पत्रकांवर वाढले. बाबा शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर दारूबंदीवाले. कणकवलीच्या छापखान्यातून गुलाबी कागदांचे गठ्ठे यायचे, आई आणि मी ते पडवीत बसून दुमडायचो. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' या शब्दांवरून. घरात कुणी काही मागितलं तरी बाबा म्हणायचे, "लिहून दे." मी सात-आठ वर्षांची असताना एकदा खरंच लिहून दिलं होतं: मागणी क्रमांक एक, नवी चप्पल. ती मंजूर झाली. लिहिलं की होतं, हा विश्वास माझ्यात तेव्हा शिरला तो आजतागायत निघालेला नाही. माझ्या सगळ्या चुका त्याच विश्वासातून झाल्या आहेत.

बाबांचं एक पत्रक थेट पिठ्याविरुद्ध होतं. त्यात दोन मागण्या होत्या. पहिली, पिठा ताबडतोब बंद करावा. दुसरी, तो बंद होईपर्यंत तिथे एकच बाक असावा. कारण तेव्हा तिथे दोन होते. आतला बाक गावातल्या बाकी सगळ्यांचा, आणि बाहेर पागोळ्यांखाली दुसरा, खालच्या वाडीतल्या माणसांचा. दारू पिऊन माणूस माणसाला ओळखत नाही म्हणतात, पण हे बाक बरोबर ओळखायचे.

ते पत्रक घेऊन बाबांबरोबर मी गेले होते, उंबऱ्याबाहेर उभी राहिले होते. पिठा चालवायची एक बाई. तिचा नवरा माडावरून पडून गेला होता आणि तेव्हापासून सगळं तीच बघायची. सगळा गाव तिला वयनी म्हणतो, म्हणून मीही वयनीच म्हणते. तिने पत्रक पूर्ण वाचलं, भाताची खळ लावून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि आत ओरडली, "वाचा रे सगळ्यांनी! मास्तरान आपल्यार लिवल्यान!"

महिन्याभरात बाहेरचा बाक आत आला. आतल्या दोघा-चौघांनी येणं सोडलं, वयनीने त्यांना बोलावलं नाही. पहिल्या मागणीबद्दल तिने बाबांना निरोप पाठवला: "ता मी मेल्यार." बाबांनी पुढचं पत्रक काढलं. त्यात दुसऱ्या मागणीबद्दल आभार होते आणि पहिली मागणी पुन्हा होती.

मी त्या इमारतीचा उंबरा ओलांडला तो शिकून परत आल्यावर, चोविसाव्या वर्षी. एका मासिकासाठी खाडीकाठच्या माडी काढणाऱ्यांवर लिहायचं होतं. आत गेले आणि आधी कपाळ आपटलं. दार मुद्दाम बुटकं होतं, आणि उंबरा मुद्दाम उंच. वयनी हसली. म्हणाली, "ह्या दार तुज्यासाठी नाय केल्ला. बसलेल्या माणसान उठान, खाली वाकान, पाय उचलून भायर जाऊन परत इला पायजे. आधार न घेता इलो, तर दुसरो पेलो. नाय इलो, तर घराक जा." म्हणजे त्या चौकटीत पिणाऱ्याची परीक्षा बांधलेली होती. कुठल्या सुताराच्या डोक्यात ही अक्कल आली असेल, कुणाला माहीत नाही.

मग मी रोज जायला लागले, माडी न पिता, नुसती बघायला. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले, कोपऱ्यांना तेवढा चुना. उजेड आणि वारा येण्यासाठी छपराच्या लगत, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, लाकडी गजांचे झरोके. रस्त्यावरून जाणाऱ्या सासऱ्याला आतला जावई दिसू नये ही व्यवस्था. खाडीच्या बाजूला मात्र भिंतच नव्हती, फणसाचे पाच खांब आणि मोकळी पडवी. होडीवरून येणारा सरळ आत. जमिनीत एक उथळ चर, त्यात पाणी सोडलेलं, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडवलेली माडीची मडकी, दुपारच्या उन्हातही थंड. वर नळ्यांचं छप्पर. नळे म्हणजे कुंभाराने केलेली अर्धगोल देशी कौलं, एक उताणं, एक पालथं, अशी रचायची. खिळा नाही, हुक नाही, नुसतं एकमेकांवर टेकून बसायचं.

या छपराबद्दल आता नीट सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

नळ्यांचं छप्पर दरवर्षी परतावं लागतं. वर्षभर त्यावर माकडं उड्या मारतात, माडाची झावळं पडतात, पाचोळा अडकतो, नळे सरकतात, फुटतात. पावसाआधी सगळे काढायचे, झाडायचे, फुटके बदलायचे, पुन्हा रचायचे. घराघरात हे काम गडी लावून होतं. पिठ्यावर गडी लावत नसत. तिथे रीत अशी होती, की ज्याची जी बसायची जागा, तिच्या वरचे नळे त्याचे. बाकावर प्रत्येकाची जागा ठरलेली. बापाची जागा मुलाला जायची. दोन वाशांमधला जेवढा पट्टा डोक्यावर येतो तेवढा त्याने वैशाखात परतायचा. आळस केला तर आषाढात पाणी त्याच्याच टाळूवर. जागा बदलून मिळत नसे. बाहेरचा बाक आत आला तेव्हा खालच्या वाडीच्या माणसांनाही छपराचा वाटा मिळाला. वयनीने तसा नियमच केला: बसायचं तर वर चढायचं.

मी एक वैशाख पाहिला. मला वर चढू दिलं नाही, खालून नळे झेलायला आणि वर द्यायला उभं केलं. सकाळी सातला वीसेक माणसं छपरावर, आणि त्यांच्या तोंडाला उसंत नाही.

"रे, तुझ्या जाग्यार शेवाळ बग! गेल्या साली नळे परतलंस, की तेंका पापे घेतलंस?"

"माजा माका बगूक येता. तू तुझा टकला सांभाळ, थयच पयला पाणी पडता."

"मास्तराच्या चेडवाक वर घेव नको हां! उद्या मास्तर पत्रक काढतलो, छप्परबंदी!"

सगळ्यांच्या वर, आढ्यावर घोडा करून, म्हातारा सुतार बसलेला. त्याला सगळे आबा म्हणत. त्याची जागा रस्त्याच्या भिंतीलगतची, कोपऱ्यातली. भिंतीच्या माथ्यावरचे नळे त्याच्याकडे, कारण ते सगळ्यात अवघड. तो प्रत्येकाचा पट्टा बघायचा आणि खूण न करता नुसता खाकरायचा. खाकरला की त्या माणसाने पट्टा पुन्हा उचकटायचा. दुपारपर्यंत काम संपलं, खाली मडकी उघडली. मी घरी गेले. माझी तिथे जागा नव्हती. तेव्हा ते मला फारसं लागलंही नाही. लागायला हवं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर हॉटेलवाला आला. किनाऱ्यावर त्याचं एक रिसॉर्ट आहे, दुसरं बांधायचं होतं. त्याला वयनीची जमीन नको होती. त्याला पाहिजे होते खांब, भाल म्हणजे छपराच्या आडव्या तुळया, ती दाराची चौकट आणि नळे. रिसॉर्टमध्ये इंग्लिश पब काढणार म्हणाला. मोबाइलवर फोटो दाखवले. मीही तिथेच होते. बुटकी छतं, काळ्याभोर तुळया, वाकडे झालेले दरवाजे, भिंतीवर साल कोरलेला दगड.

"ही बघा, तिकडे तीनशे-तीनशे वर्षांची दारूची दुकानं आहेत, वयनी. सरकारने यादीत घातलीत. खिळा ठोकायचा तरी परवानगी. लोक लांबून नुसतं बघायला येतात."

वयनीने फोटो लांब धरून पाहिला. "मगे थयसून आण खांब. माजे कित्याक?"

"तिथले मिळत नाहीत ना! म्हटलं ना, यादीत आहेत."

"म्हणजे तेंचे यादीत, आणि माजे टेंपोत?"

तो हसला, आकडा सांगून गेला, विचार करा म्हणाला. वयनी खरंच विचार करायला लागली. गुडघे दुखत होते, माडी काढणारे कमी होत चालले होते, मुलगी इन्सुलीला बोलावत होती. आणि मी मात्र पेटले. त्या माणसाने माझ्या हातात काडेपेटी दिली होती: यादी!

मी त्या इंग्रजी दारूच्या दुकानांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता संताप वाढत गेला, कारण सगळं ओळखीचं निघालं. तिकडे खिडक्यांच्या खालच्या निम्म्या भागाला दुधी काच, का तर रस्त्यावरून आतला माणूस दिसू नये. आमच्याकडे बिनखिडकीची भिंत. तिकडे मजुरांची खोली वेगळी आणि साहेबलोकांची वेगळी, मध्ये फळ्यांचा पडदा. आमचे दोन बाक. तिकडे तळघरात गार ठेवलेली पिंपं, आमची चरातली मडकी. तिकडे या प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी निगुतीने नोंद केलेली: फळी कुठल्या लाकडाची, काच कुणाच्या काळातली. आमच्याकडे? आमच्याकडे किल्ला असेल तर वारसा, देऊळ असेल तर वारसा, राजाचं न्हाणीघर असलं तरी वारसा. माडी काढून, मासे मारून आलेला माणूस जिथे दोन घटका टेकला, ती इमारत कोण मोजणार? जिथे कष्टकऱ्याची पाठ भिंतीला लागली ती भिंत म्हणजे अडगळ. त्या फोटोतल्या काळ्या तुळयांपेक्षा वयनीच्या उंबऱ्यात जास्त बुद्धी होती, हे मी आजही कुणासमोरही म्हणायला तयार आहे.

मी वयनीला म्हटलं, "विकू नका. मी ही इमारत यादीत घालते. माझा शब्द."

ती म्हणाली, "तू बापाशीसारकीच बोलतंस. तेच्या शब्दान माजो बाक आत इलो, म्हणान तुझो ऐकतंय." आणि तिने हॉटेलवाल्याला 'नाही' असं कळवलं. गुडघे तसेच, लेकीला सांगितलं आणखी दोन वर्षं थांब. एवढं सगळं तिने माझ्या एका वाक्यावर ठेवलं.

अर्ज मी पौषात केला, वारसा यादी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. मापं घेतली, फोटो काढले, आबांकडून लाकडांची नावं लिहून घेतली. अर्जाच्या नमुन्यात रकाने होते: बांधकामाचं साहित्य, अंदाजे वय, मालकी, सध्याचा वापर, सध्याची स्थिती. स्थितीपुढे तीन पर्याय, चांगली, मध्यम, वाईट. मी अभिमानाने 'चांगली'वर खूण केली. ती चांगली का आहे, कुणामुळे आहे, हा रकाना नव्हता, आणि नाही याची मला जाणीवही झाली नाही.

फाल्गुनात कार्यालयाचं पत्र आलं. अर्ज विचारार्थ दाखल झाला आहे, पाहणी केली जाईल, तोपर्यंत वास्तूच्या मूळ स्वरूपात बदल करू नये. आणखी एक-दोन परिच्छेद होते. त्याच आठवड्यात हॉटेलवाल्याचा माणूस पुन्हा येऊन खांबांची मापं घेऊन गेला होता. माझं डोकं फिरलं. मी घरी बसून लाल शाईने मोठ्या अक्षरांत कागद लिहिला, त्याच्या प्रती काढल्या, एक पिठ्याच्या दारावर, एक खाडीकडच्या खांबावर आणि एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवली.

'ही वास्तू वारसा यादीसाठी दाखल आहे. हिच्या कोणत्याही भागाला हात लावू नये. एक नळाही हलवल्यास कायदेशीर कारवाई होईल.'

एक नळाही! मीच लिहिलं ते. छान वाटलं लिहिताना. पत्रक म्हणजे कसं, वाचणाऱ्याच्या छातीवर बसलं पाहिजे. हॉटेलवाल्याचा माणूस परत फिरकला नाही. वयनीने कागद वाचला आणि म्हणाली, "तुज्या बापाशीचा असा नसायचा. तो खाली 'आपला नम्र' लिवायचो."

आमच्या भागात कागदाचा दरारा मोठा आहे. भावाभावांच्या दाव्यांत पिढ्या गेल्यात, कुणी कुणावर कधी अर्ज करील सांगता येत नाही. लाल शाई आणि 'कारवाई' दिसली की माणूस दोन पावलं मागे सरकतो.

वैशाख आला. एका सकाळी आबा आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले, खांद्यावर काथ्याची दोरी.

"गो चेडवा, नळे परतुचे की नाय?"

मी ओसरीवर चहा पीत होते. "थांबा ना आबा. साहेब पाहणीला यायचेत. त्यांनी आधी जसं आहे तसं बघितलं पाहिजे."

"कदी येतलो?"

"पंधरा दिवसांत म्हणालेत."

"पंधरा दिसांनी येतलो. आणि पावस?"

"एक वर्ष नाही परतले तर काय होतंय आबा? एवढी वर्षं टिकलीये ती इमारत."

त्यांनी दोरी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "तुझ्या डोक्यार नळो नाय गो," म्हणाले, "म्हणान तुका कळणा नाय."

मला राग आला. खरं सांगते, मला तेव्हा रागच आला. मी म्हटलं, "मी सरकारला लिहून दिलंय. आता आपणच हात लावला तर हॉटेलवाल्याला कसं अडवणार?"

"लिवलंस मगे नाय लावणत," आबा म्हणाले आणि गेले. त्यांनी बाकीच्यांनाही सांगितलं. गावात कुणी कुणाचं ऐकत नाही, पण हे ऐकलं, कारण कागद मास्तरांच्या घरातून आला होता. बाबांनी जन्मभर मिळवलेला विश्वास मी एका लाल कागदाला चिकटवून वापरून टाकला.

साहेब पंधरा दिवसांत आले नाहीत. पाऊस वेळेवर आला.

आषाढाच्या सुरुवातीला वयनीने फोन केला, रस्त्याच्या भिंतीतून तांबडं पाणी येतंय म्हणून. मी धावत गेले. आबांच्या कोपऱ्यावर, भिंतीच्या माथ्यावर, माकडांनी पाच-सहा नळे खाली घसरवले होते. पाणी सरळ भिंतीच्या पोटात उतरत होतं. चिरा भिजून काही होत नाही. पण दोन चिऱ्यांमधली माती भिजली की ती चिखल होते आणि वाहून जाते. मी कार्यालयाला फोन लावला. साहेब दौऱ्यावर. पुन्हा लावला. पुन्हा दौऱ्यावर. ताडपत्री आणली. आबा पागोळ्याखाली उभे राहून वर बघत होते.

"आबा, टाका ना कुणीतरी वर जाऊन!"

"आता? शेवाळ धरल्यान. पाय ठेवलो तर नळो फुटतलो आणि माणूस खाली येतलो. ह्या वैशाखातला काम, गो."

ताडपत्री आम्ही खालून काठीने ढकलली. वाऱ्याने ती दुसऱ्या दिवशी खाडीत नेली.

भिंत पडली ती सकाळी दहाच्या सुमाराला. वयनी खाडीकडे मडकी धूत होती म्हणून वाचली. ती म्हणते, मोठा आवाज झाला नाही. ट्रकमधून मिठाच्या गोणी उतरवतात तसा, एकामागून एक. मग रस्त्याकडची छपराची बाजू खाली बसली आणि नळे बराच वेळ घरंगळत राहिले. मी पोचले तेव्हा बुटकं दार तेवढं उभं होतं, त्यावर माझा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा.

रस्ता अडला होता. गावातले लोक चिरे उचलायला आले, पिठ्यावर बसणारे सगळे होते. त्यांत बाबाही होते. तीस वर्षं ज्याच्या विरोधात लिहिलं त्या इमारतीचे चिरे ते एकेक करून कडेला रचत होते, माझ्याकडे न बघता.

साहेब चौथ्या दिवशी आले, रेनकोट घालून, चपला हातात घेऊन. वाईट माणूस नव्हता. मला तो वाईट निघायला हवा होता. त्याने दारावरचा कागद वाचला.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"पण आमच्या पत्रात असं नाहीये, ताई. नेहमीची देखभाल चालू ठेवावी असं स्पष्ट लिहिलंय. छप्पर परतायला कुणी अडवलं होतं?"

मी घरी येऊन पत्र काढलं. तिसरा परिच्छेद: 'वास्तूची नियमित देखभाल व किरकोळ दुरुस्ती पूर्ववत चालू ठेवावी.' मी ते पत्र वाचलेलं होतं. फक्त जी ओळ हॉटेलवाल्याच्या अंगावर फेकता येईल तिच्याखालीच मी रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब मापं घ्यायला आले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुमच्या अर्जात चिऱ्याचं वय विचारता, लाकडाची जात विचारता, दरवर्षी या छपरावर कोण चढतं हे का नाही विचारत? ही इमारत वीस माणसांनी उभी ठेवली होती, त्यांच्यासाठी एक रकाना नाही? साहेब म्हणाले, "सूचना म्हणून लिहून द्या." दिली. ओरडण्याचा मला हक्क नव्हता, पण जे ओरडले ते आजही खरं मानते.

वयनीकडे जायला मला आठ दिवस लागले. ती उरलेल्या पडवीत बसली होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "तुज्या बापाशीन सांगल्यान बंद कर, मी नाय केलंय. तू म्हणालंस वाचवतंय, आणि बंद झाला. बापाशीपरास चेडू हुशार."

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. उठून पाणीही दिलं नाही, आणि ते बरोबर होतं.

गणपतीनंतर हॉटेलवाला आला. आकडा आता निम्मा, कारण 'पडीक माल'. वयनीने खांब दिले, भाल दिले, चौकटही दिली. नळे बरेचसे फुटले होते, उरले तेही गेले. ती आता लेकीकडे इन्सुलीला असते, स्लॅबच्या घरात. पिठ्यावरचे लोक हायवेवरच्या बारमध्ये पांगले. तिथे एकाच्या शेजारी दुसरा रोज तोच बसेल असं नसतं, आणि कुणाला कुणाचं टक्कल ठाऊक नसतं.

पब सुरू झाला तेव्हा मी आबांना घेऊन गेले, दुपारचं. बाहेर इंग्रजी पाटी, आत गार हवा. फणसाच्या खांबांना काळं तेल पाजलं होतं, फोटोतल्यासारखे दिसावेत म्हणून. खांबाशेजारी इंग्रजीत फलक: शंभर वर्षांच्या कोकणी माडीघराचे मूळ खांब. बुटक्या दाराच्या चौकटीत त्यांनी आरसा बसवला होता. आबा खांबापाशी गेले, बोटांनी लाकडाची रेघ चाचपली आणि मॅनेजरला हाक मारली.

"ह्यो खांब उलटो लावलास. बुंधो वर केलंस आणि शेंडो खाली."

मॅनेजर नम्र होता. "काका, असाच छान दिसतो."

"तुका उलटो टांगलो तरी तू बरोच दिसतलंस रे," आबा म्हणाले. "रव्हतलंस किती येळ, ता सांग."

बाहेर येऊन वर पाहिलं. खाली पत्रा आणि त्यावर शोभेला चिकटवलेले आमचे नळे, सिमेंटमध्ये, कायमचे. ते कधीच परतावे लागणार नाहीत. त्या छपराला कुणाचीही गरज नाही. लोक त्याचे फोटो काढत होते.

तर आता तुमच्याकडे मागणी, आणि एकच. तुमच्या गावात अशी एखादी इमारत असेल, खानावळ, धर्मशाळा, पिठा, मासळीचा लिलाव व्हायची शेड, आणि ती यादीत जावी असं तुम्हाला वाटत असेल, तर अर्ज नंतर भरा. आधी एका वैशाखात जाऊन तिच्या छपरावर कोण चढतं ते बघा, आणि शक्य असेल तर स्वतःही चढा. त्या माणसांची नावं अर्जाच्या शेवटी, रकाना नसला तरी, मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने लिहा, आणि खाली लिहा की ही माणसं दरवर्षीप्रमाणे काम चालू ठेवणार आहेत. कार्यालयातून आलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. दारावर काहीही चिकटवू नका.